दोन शिवाजीनगरे आणि पावसाचा हिशेब

बदलीचा आदेश आणि वळवाचा पाऊस यांचा नेम नसतो, असे आमचे एक ज्येष्ठ शाखाधिकारी म्हणत असत. सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत पीककर्जाचे काम पाहत असताना माझ्या हाती बदलीचा आदेश पडला आणि ऐन एप्रिलमध्ये मी बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात येऊन दाखल झालो. माझे शिक्षण पुण्यात झाले असल्यामुळे ‘शिवाजीनगर’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे उभे राहते ते तेथील रेल्वे स्थानक, न्यायालय आणि एसटीची गर्दी. हे शिवाजीनगर मात्र निराळे. जुन्या लष्करी छावणीलगतच्या या वस्तीला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत. १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट, सेंट मेरीज बॅसिलिकाचा उंच मनोरा, जवळच कमर्शियल स्ट्रीटची झगमग, आणि दखनी, तमिळ, कन्नड या तिन्ही भाषांत एकाच दमात चालणारा भाजी, फळे व फुलांचा व्यापार.

रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातील गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळवंडले आणि पाहता पाहता टपोऱ्या थेंबांनी रस्ता धुऊन काढला. बाहेर पडू न शकलेले ग्राहक बँकिंग हॉलमध्येच थांबले. पाऊस किती वेळ चालेल हे पाहावे म्हणून मी मोबाइल काढला. पडद्यावर लिहिले होते, ‘शिवाजीनगर : आकाश निरभ्र, ३९ अंश, पावसाची शक्यता नाही.’ मी ते मोठ्याने वाचले आणि हॉलमध्ये हशा पिकला. रसेल मार्केटमधील फुलांचे एक व्यापारी पासबुक पिशवीत ठेवत म्हणाले, “साब, तुम्हारा मोबाइल कौनसे शिवाजीनगर में है?”

मोबाइल अर्थातच पुण्याच्या शिवाजीनगरात होता. मीही हसलो. पण हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत दोन वर्षांपूर्वी मला विचारला गेला होता आणि तेव्हा कोणीही हसले नव्हते. त्याकडे पुढे वळतोच. तत्पूर्वी पुण्याच्या शिवाजीनगरचे नाव हवामानाच्या पडद्यावर इतक्या सहजपणे का येते, ते सांगणे आवश्यक आहे.

पुण्याच्या शिवाजीनगरात ‘सिमला ऑफिस’ नावाची दगडी इमारत आहे. शेजारच्या चौकालाही तेच नाव पडले. आम्ही विद्यार्थी असताना त्या चौकातून दिवसातून दोनदा जात असू. परंतु पुण्यात सिमला कोठून आले, हा प्रश्न कधी पडला नाही. १८६४ मध्ये कलकत्त्याला विनाशकारी चक्रीवादळाचा तडाखा बसला, त्यापाठोपाठ १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, आणि या आपत्तींतून १८७५ साली भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्याच्या वास्तव्यात सिमल्याहून आलेल्या कार्यालयाला लोकांनी जुन्याच गावाचे नाव दिले आणि मुख्यालय दिल्लीला गेल्यावरही ते पुसले गेले नाही. बदली होऊन आलेल्या माणसाला त्याच्या मागच्या शाखेच्या नावाने ओळखण्याची आपली पद्धत पाहता यात नवल वाटण्याचे कारण नाही!

मुख्यालय गेले तरी दप्तर पुण्यातच राहिले. देशभरातील हवामानाच्या नोंदींचे राष्ट्रीय भांडार आजही तेथे आहे. शेतीसाठीच्या हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली तेथेच सुरू झाला. वर्तमानपत्रांत पुण्याचे म्हणून जे तापमान छापून येते, तेही प्रामुख्याने शिवाजीनगरच्या वेधशाळेचे असते.

देशाचा दैनिक हवामान अहवाल १८७८ पासून निघू लागला. या अहवालामागची कार्यपद्धती बँकेच्या माणसाला विशेष आपली वाटावी अशी आहे. वेधशाळेच्या अंगणात पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची एक पेटी उंच पायांवर उभी असते. तिला ‘स्टिव्हन्सन स्क्रीन’ म्हणतात. आत तापमापक असतात. त्यांच्यावर थेट ऊन पडू नये, पण वारा मात्र खेळता राहावा, एवढीच तिची कामगिरी. (ही पेटी बनवणारे थॉमस स्टिव्हन्सन दीपगृहे बांधणारे अभियंता होते, ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टिव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव.) बाजूलाच पर्जन्यमापक. जगभरातील वेधशाळा ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी नोंदी घेतात. आपले घड्याळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडे त्या वेळा पहाटे साडेपाच, सकाळी साडेआठ, साडेअकरा अशा तीन-तीन तासांच्या अंतराने येतात. गेल्या चोवीस तासांतील पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो. सायंकाळी चार वाजता पडलेला पाऊस त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तारखेला जमा होतो. चेक आज भरला, पण व्हॅल्यू डेट उद्याची, असा हा प्रकार. २.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’, ६४.५ मि.मी.पासून पुढे ‘जोरदार’ आणि २०४.५ मि.मी.पासून ‘अत्यंत जोरदार’. ‘महाराष्ट्रात आज तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ या एका ओळीमागे शेकडो ठिकाणी एकाच वेळी वाचलेले आकडे उभे असतात.

आता दोन्ही शिवाजीनगरांचा ताळेबंद मांडून पाहिला तर तो जुळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर बेंगळुरू नऊशेहून अधिक मीटर उंचीवर. एप्रिल-मे महिन्यांत पुणेकर चाळिशीच्या उंबरठ्यावर असतात. बेंगळुरूचा पारा मात्र क्वचितच ३७ च्या पुढे जातो. २४ एप्रिल २०१६ रोजी येथे नोंदलेले ३९.२ अंश हा विक्रम मानला गेला. पुण्याचा पाऊस जून-जुलैमध्ये खरा रंगात येतो. बेंगळुरूला त्या महिन्यांत नुसता गार वारा, ढगाळ आभाळ आणि अंग न भिजवणारी भुरभुर. मे महिन्यात विजांसह एक भर येतो आणि खरा मोठा भर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. एकाच देशातील, एकाच मान्सूनमधील ही दोन गावे. पण एकाची सुगी ती दुसऱ्याची पेरणी म्हणावी इतका फरक.

या फरकाचा शोध घेताना एका मराठी शास्त्रज्ञ विदुषीचे नाव समोर येते. डॉ. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म पुण्याचा, १९४४ सालचा. फर्ग्युसन महाविद्यालयानंतर हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन त्या १९७१ मध्ये भारतात परतल्या आणि १९७३ पासून बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था हीच त्यांची कर्मभूमी झाली. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूतच त्यांचे निधन झाले. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, म्हणून समुद्रावरून वारे येतात आणि पाऊस पडतो, असे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. डॉ. गाडगीळ यांचा आक्षेप साधा होता. जमीन सर्वाधिक तापते मे महिन्यात. मग भरपूर पाऊस जुलैत का? आणि दुष्काळी वर्षी जमीन जास्त तापलेली असूनही पाऊस कमी का? डी. आर. सिक्का यांच्यासमवेत १९८० साली त्यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून दाखवून दिले की विषुववृत्ताजवळचा ढगांचा विस्तीर्ण पट्टा उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो, कधी थबकतो, कधी पुन्हा समुद्रावर उगवून वर चढतो. पाऊस हा त्या पट्ट्याचा प्रवास आहे. बेंगळुरू तेरा अंश अक्षांशावर, पुणे साडेअठरा अंशांवर. हा पट्टा सूर्यामागोमाग, पण काहीसा रेंगाळत, उत्तरेकडे जातो आणि परत फिरतो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोन्ही शहरांचे दिवस वेगवेगळे येणे ओघानेच आले. शिवाय पुणे सह्याद्रीच्या खांद्याला टेकून बसलेले आहे आणि बेंगळुरू घाटांपासून बरेच आत, पठाराच्या माथ्यावर.

डॉ. गाडगीळ केवळ ढगांत रमल्या नाहीत, हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. कर्नाटकातील पावगडा परिसरातील भुईमूग उत्पादकांसोबत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. पेरणी कधी केली असता शेंगा भरण्याच्या काळात कोरड्या खंडाचा धोका कमीत कमी राहील, याचा हिशेब त्यांनी जुन्या पर्जन्यनोंदींच्या आधारे मांडला. २००६ साली सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखवले की तीव्र दुष्काळाचा फटका देशाच्या सकल उत्पन्नाच्या दोन ते पाच टक्क्यांइतका कायम राहिला आहे. शेतीचा त्या उत्पन्नातील वाटा घटत गेला तरीही हा फटका घटला नाही. शिवाय चांगल्या पावसाने होणारा लाभ वाईट पावसाने होणाऱ्या हानीएवढा नसतो. कर्जखाती हाताळणाऱ्या कोणालाही हे शेवटचे विधान पटवून द्यावे लागणार नाही.

आता तो प्रश्न. सांगलीच्या त्या शाखेत आमचे एक जुने खातेदार होते. वयाने वडीलधारे, म्हणून आम्ही सारे त्यांना तात्याच म्हणत असू. तीन एकर द्राक्षबाग, पीककर्ज नियमित, हवामान आधारित फळपीक विम्याचा हप्ता दरवर्षी वेळेवर. ऑक्टोबरची छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात असताना नोव्हेंबरातील एका रात्री त्यांच्या शिवारात दोन तास पाऊस कोसळला. सरींमध्ये पाणी उभे राहिले, घडकूज झाली, पाठोपाठ डाऊनी आला आणि फवारणीचा खर्च दुप्पट होऊनही अर्ध्याहून अधिक माल गेला. या विम्यात अवेळी पावसाची भरपाई महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यावरून ठरते. केंद्र तात्यांच्या बागेपासून नऊ-दहा किलोमीटरवर होते. त्या रात्री तेथे नोंदलेला पाऊस योजनेने ठरवलेल्या किमान पातळीच्या खाली राहिला. भरपाई मिळाली नाही. तात्या माझ्या टेबलासमोर बसून कागद पुन्हा पुन्हा न्याहाळत होते. शेवटी म्हणाले, “साहेब, यंत्रावर पडला नाही म्हणजे माझ्या बागेत पडलाच नाही का?”

नियम काय आहे ते मी त्यांना सांगितले. ते सांगणे माझे कर्तव्यच होते. पण तो त्यांच्या प्रश्नाचा प्रतिसाद नव्हता, हे मलाही कळत होते. ३१ मार्चला त्यांचे खाते थकबाकीच्या यादीत आले. पुढे अर्धा एकर विकून त्यांनी ते नियमित केले. ती रक्कम मीच जमा करून घेतली.

तात्या खोटे बोलत नव्हते आणि यंत्रही खोटे बोलत नव्हते. उष्ण कटिबंधातील पावसाचा स्वभावच तसा आहे. युरोपसारख्या समशीतोष्ण प्रदेशात पाऊस बहुतांशी थंड आणि उष्ण हवेच्या सीमारेषेवर तयार होतो. ती सीमारेषा शेकडो किलोमीटर लांब असते आणि नकाशावरून ठरावीक दिशेने सरकत जाते. तेथे हवामान चालत येते. आपल्याकडे ते बहुतेक वेळा जागच्या जागी उगवते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, तासाभरात ढगाचा मनोरा होतो आणि त्याच्या पायथ्याचे पाच-दहा किलोमीटर धुऊन निघतात. शेजारचे गाव कोरडेच. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे मोठे असतात आणि त्यांचा माग बऱ्याच आधी लागतो. पण नोव्हेंबरातील एका रात्रीचा एक ढग, हा प्रश्न वेगळाच आहे.

याचे सर्वांत भीषण उदाहरण मुंबईकर विसरू शकणार नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मोजणी झाली, तेव्हा सांताक्रूझला ९४४ मि.मी. आणि कुलाब्याला अवघा ७३ मि.मी. पाऊस नोंदला गेला. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. त्या दिवशी मुंबईत एकच वेधशाळा असती आणि ती कुलाब्याला असती, तर केवळ नोंदवहीवर विसंबणाऱ्या पुढच्या पिढीला तो जुलै महिन्यातील एक सामान्य ओला दिवस वाटला असता. बेंगळुरूचाही अनुभव निराळा नाही. २ जून २०२४ रोजी येथे १११.१ मि.मी. पाऊस झाला आणि जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १८९१ सालचा, १०१.६ मि.मी.चा विक्रम मोडला. एकशे तेहतीस वर्षे टिकलेला विक्रम! पण हाही शहराच्या एका वेधशाळेचा आकडा. शहराच्या एका टोकाला गुडघाभर पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरडे पदपथ, हे दृश्य आम्ही शिवाजीनगरहून घरी जाताना अनेकदा पाहतो.

मग मधल्या जागा भरायच्या कशा? उपग्रह वरून पाहतात. इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. परंतु उपग्रहाला दिसतो तो ढगाचा माथा. पाऊस असतो पायथ्याशी. डॉप्लर रडार ढगाच्या पोटात डोकावते, पण त्याच्याही टप्प्याला मर्यादा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झाली. पूर्वीच्या प्रणालीत देशाचा नकाशा बारा किलोमीटरच्या चौकटींत विभागलेला होता. आता चौकट सहा किलोमीटरची. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरऐवजी ३६. प्रगती मोठीच आहे. तरीही एका चौकटीत तात्यांच्या बागेएवढ्या सुमारे तीन हजार बागा मावतात, असा माझा वाणिज्य शाखेचा हिशेब सांगतो.

म्हणून शेवटी जमिनीवरचे साधे पर्जन्यमापकच वाढवावे लागतात. या बाबतीत कर्नाटकाने घालून दिलेला धडा अनुकरणीय आहे. येलहंका येथील कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत, म्हणजे जवळपास प्रत्येक ग्रामपंचायतीला एक. दर पंधरा मिनिटांनी त्यांची नोंद केंद्रात पोचते आणि ‘वरुणमित्र’ या दूरध्वनी सेवेवर शेतकरी आपल्या भागाची माहिती विचारू शकतो. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ स्तरावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. पण एका मंडळात अनेक गावे येतात, हे तात्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ हा उपक्रम जाहीर केला आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक हे त्याचे उद्दिष्ट ठेवले. ते जितक्या लवकर पूर्ण होईल तितक्या लवकर आमच्या ग्रामीण शाखांतील अवघड संभाषणे कमी होतील.

तोवर आमच्या शेतकरी ग्राहकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी विनंती आहे. खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यालाही पीक विमा ऐच्छिक आहे. नको असल्यास अंतिम तारखेच्या सात दिवस आधी तसे बँकेला लेखी कळवावे लागते. ‘बँक बघून घेईल’ या भरवशावर राहू नये. विमा घेताना आपले संदर्भ हवामान केंद्र कोणते आणि ते किती दूर आहे, हे अवश्य विचारावे. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत पंचनामा शेतावर होतो, परंतु त्यासाठी ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागते. छायाचित्रे काढावीत, तारीख-वेळ लिहून ठेवावी. आणि शाखेतील सहकाऱ्यांनाही एक सांगणे : हप्ता कापताना गावाचे आणि मंडळाचे नाव अचूक भरा. एका चुकीच्या नोंदीने शेतकऱ्याचा पाऊस दुसऱ्याच शिवाजीनगरात जमा होऊ शकतो.

बदलीनंतर तात्यांचा संपर्क तुटेल असे वाटले होते. पण एके दिवशी मोबाइलवर एक छायाचित्र आले. बांधावरच्या खांबाला बसवलेला, बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा साधा पर्जन्यमापक. सोबत आपल्याच बँकेची डायरी, आणि तिच्यात निळ्या शाईने ओढलेले रकाने : तारीख, सकाळी साडेआठ, मि.मी., शेरा. विमा कंपनी ही डायरी ग्राह्य धरणार नाही, हे मी त्यांना सांगितले. “ठाऊक आहे साहेब,” ते म्हणाले, “पण माझ्या बागेत किती पडला, ते मला तरी माहीत असायला पाहिजे की.”

तेव्हापासून पावसाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत त्यांचा निरोप येतो. कालचा असा होता : ‘४ मि.मी. ढगाळ. तुमच्या शिवाजीनगरला किती?’ रोख विभाग उघडण्याची घाई होती, पण मी शाखेच्या गच्चीवर जाऊन आलो. तेथे गेल्या महिन्यापासून तसाच एक पर्जन्यमापक आम्ही बसवला आहे. मी कळवले : ‘११ मि.मी.’